तांब्याची झिजलेली बाजू

३ डिसेंबर २०२४

वर्तमानपत्राची अमरावती कचेरी बंद झाली त्याला आज तीन आठवडे. बत्तीस वर्षं वार्ताहर म्हणून दुसऱ्यांच्या घरची बारशी, बारावे आणि बदल्या तारखेनिशी लिहिल्या; आता स्वतःचे दिवस लिहून पाहावेत म्हणून ही वही. कौशल्येचं मत असं की रिकामा नवरा एक तर डोकं खातो नाही तर वही भरतो, त्यात दुसरं बरं.

आज अकोल्याहून एका मुलीचा फोन. पायल वानखडे, वेबसाइट बनवण्याचं काम करते. निरोपाच्या अंकात मी माझ्या तांब्यावर लिहिलं होतं, ते तिनं वाचलं. लेख थोडक्यात असा: भातकुलीच्या शाळेत नववीला संस्कृतात पहिला आलो, म्हणून हा पितळी तांब्या मिळाला. गळ्याखाली एका अंगाला ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं माझं नाव. दुसऱ्या अंगाला बोटभर पट्टा झिजून गुळगुळीत झालेला. माझ्या आईनं एकोणीस वर्षं चिंच-राखेनं घासून झिजवलेला. आई गेली, हाताची खूण राहिली. हे शेवटचं वाक्य वाचून तीन जण रडल्याचं कळलं, त्यात एक निवृत्त तहसीलदार.

पायल रडली नाही. तिनं विचारलं, "ती झिजलेली बाजू अजून तशीच हाय काय?"

इतकं बारकाईनं वाचणारा वाचक उभ्या हयातीत मिळाला नव्हता. मग ती म्हणाली, लोकांनी जपून ठेवलेल्या वस्तूंच्या गोष्टी लिहाव्यात अशी एक वेबसाइट काढू. बांधणी तिची, संपादन माझं. विचार करून सांगतो असं म्हणायचं असतं. मी त्याआधीच हो म्हणून बसलो. छप्पन्नाव्या वर्षी माणसाला कोणीतरी कामाचं समजावं, याची भूक असते.

८ डिसेंबर

पायल येऊन गेली. राजापेठेतल्या या गल्लीत समोरचं ग्रिलवाल्याचं दुकान सांगितलं की घर सापडतं. एरवी त्या दुकानाचा मला काही उपयोग नाही. कानशीचा आवाज सुरू झाला की माझे दात शिवशिवतात. लहानपणापासूनचं आहे, कारण ठाऊक नाही. कौशल्या म्हणते मागच्या जन्मी मी खिळा असेन.

मुलगी तिशीच्या आतली, कमी बोलणारी. वानखडे हे आडनाव आमच्याकडे कुठल्याही जातीत निघतं. विचारायचं नसतं, मनातल्या मनात विचारलं जातं, एवढं या वहीत कबूल करायला हरकत नाही.

नावावर खल झाला. मी 'स्मृतिमंजूषा' म्हटलं. ती म्हणाली, "काका, हे मोबाइलवर टाइप करेपर्यंत माणूस वस्तू विसरून जाईन." शेवटी 'जपलेलं' ठरलं.

बाबा बाहेर येऊन बसले. खुशालराव गुरुजी, वय सत्त्याऐंशी. त्या शाळेत आम्हाला संस्कृत तेच शिकवायचे, आणि मुलगा म्हणून मला दोन छड्या जास्त असायच्या. त्यांनी सवयीनं पायलची तोंडी परीक्षा घेतली. कुठली? अकोल्याची. बाप काय करतो? सरकारी नोकरीत. मूळ गाव? ती म्हणाली, आजोबा भातकुलीकडचे. बाबांनी पुढं काही विचारलं नाही. चहाही तसाच ठेवला, साय येऊन गेली वरती.

मग तिनं तांब्या मागितला. दोन्ही हातांनी घेतला, फिरवला, झिजलेल्या पट्ट्यावरून अंगठा नेला. खिडकीशी नेऊन, मोबाइलची बॅटरी आडवी धरून, त्या एकाच बाजूचे तिनं चौदा फोटो काढले. मी म्हटलं, सोयरिकीला पोरीचेसुद्धा इतके काढत नाहीत. हसली नाही.

आल्यापासून मला काका म्हणत होती. जाताना म्हणाली, "येते, सर." कामाला लागल्यावर माणसं असं बदलतात. व्यावसायिक वृत्ती.

१९ डिसेंबर

पायलनं गोष्ट पाठवण्याचा अर्ज तयार केला. रकाने असे: वस्तूचं नाव. कोणी दिली. त्याआधी कोणाची होती. आता कुठे आहे. गोष्ट. मी फोनवर म्हटलं, हा अर्ज आहे की पंचनामा? ती म्हणाली, वस्तू हाताहातातून येते, तिला माग असतो.

पहिली गोष्ट माझीच चढवायची ठरली, तांब्याची. 'त्याआधी कोणाची होती' इथं मी लिहिलं: 'कोणाचीच नाही, नवाकोरा.' पायलनं दोनदा विचारलं, तो रकाना असाच ठेवायचा ना, पुन्हा पाहून घ्या. मी पाहून घेतलं. शुद्धलेखन बरोबर होतं.

एक नियम माझा आहे, आणि मला त्याचा अभिमान आहे. एकदा चढलेली गोष्ट उतरवता येणार नाही, बदलताही येणार नाही. फार तर खाली नवी ओळ जोडावी. छापलेला अंक आपण घरोघरी जाऊन परत आणत नाही. पायल म्हणाली, "तुमच्यासाठी बी?"

"माझ्यासाठी आधी."

२ जानेवारी २०२५

चाचणी म्हणून ओळखीच्यांकडून मागवलेल्या गोष्टी येऊ लागल्या. पातूरच्या एकानं वडिलांची कवळी पाठवली आहे. गोष्ट अशी की वडील गेल्यावर ती कोणाच्याच तोंडात बसली नाही. बसवून पाहिली होती, हे वाक्य मी काढलं. अकोल्याच्या दुर्गाबाईंचं लाटणं आहे, त्यात सासूचा उल्लेख सतरा वेळा.

पहिल्या पानावर माझा तांब्या. बाबांना दाखवला, तर मोबाइल लांब धरून बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, दुसरं काही लाव, गणपती लाव. दुपारी पुन्हा तेच. संध्याकाळी पुन्हा. प्रसिद्धीचा त्यांना पहिल्यापासून तिटकारा. शिष्यांनी सत्कार ठरवला तेव्हाही हे ताप आला म्हणून झोपून राहिले होते.

१४ जानेवारी, संक्रांत

'जपलेलं' आज सुरू झालं. कौशल्येनं हळदीकुंकवाला बोलावलेल्या वीस बायका, हाच उद्घाटनाचा जनसमुदाय. वाण म्हणून स्टीलच्या वाट्या, प्रत्येक वाटीवर नाव आणि तारीख कोरून आणलेली. आमच्या लोकांना वस्तू दिली एवढ्यानं पुरत नाही, कोणी दिली ते कोरल्याशिवाय चैन पडत नाही.

पायल अकोल्याहून आली होती. बाबा खोलीतून बाहेर आले नाहीत, म्हणून तीच आत तिळगूळ घेऊन गेली. मी दारातून पाहिलं. तिनं पाया पडून हातावर तिळगूळ ठेवला आणि म्हणाली, "माह्या बाबांनी तुमाले नमस्कार सांगतला, गुरुजी."

कोण बाबा, हे बाबांनी विचारलं नाही. तासाभरानं गेलो तर तिळगूळ तळहातावर तसाच, चिकट झालेला.

म्हातारपण.

१७ जानेवारी

तांब्या नाही.

काचेच्या कपाटात होता. सकाळी जागा रिकामी. सगळं घर पालथं घातलं. कपाटाला कुलूप नसतं, आणि घरात बाहेरचं माणूस म्हणजे अकरा वर्षं भांडीधुणं करणारी गंगूबाई. मी तिच्यावर आळ घेतला नाही. फक्त विचारलं. दोनदा. दुसऱ्यांदा विचारल्यावर तिनं हात पुसले, पदर खोचला आणि कौशल्येला सांगितलं, "वहिनी, मी उद्यापासून येत नाही." बाबा खोलीतून सगळं ऐकत होते, काही बोलले नाहीत.

वेबसाइटवर माझ्या गोष्टीखाली ओळ जोडली: 'तांब्या घरातून चोरीस गेला, संशय घरकाम करणाऱ्या व्यक्तीवर.' वाचकांप्रति उत्तरदायित्व असतं. कौशल्या दिवसभर माझ्याशी बोललेली नाही. भांडी तिनंच घासली, आणि आवाज करून.

२३ जानेवारी

सापडला.

दुपारी बाबांच्या खोलीत औषधाची चिठ्ठी शोधायला गेलो. बाबा पलंगावर पाठमोरे बसलेले, मांडीवर फडकं, वाटीत चिंच, कागदावर राख, आणि हातात तांब्या. झिजलेली बाजू घासत होते. अंगठ्याचं नख काळं झालेलं, बाजूची कातडी सोललेली. किती दिवस चाललं होतं कोण जाणे.

मला गहिवरून आलं. आई गेल्यावर बावीस वर्षं हा माणूस तिच्याबद्दल चकार शब्द बोलला नाही, आणि आता तिनं घासायची तीच जागा घासत बसलाय. मी काही न बोलता दार लोटून घेतलं.

मग गंगूबाई आठवली. पायलला फोन केला, ती ओळ काढून टाक. ती म्हणाली, "नियम तुमचा हाय, सर. खाली नवी ओळ जोडा, मी चुकलो म्हणून." मी म्हटलं, जोडतो. अजून जोडलेली नाही. वाक्य नीट जमत नाही. बत्तीस वर्षं इतरांचे खुलासे मी दोन ओळींत बसवले.

२५ जानेवारी

आज एक गोष्ट आली. संपादकानं मान्य केल्याशिवाय ती लोकांना दिसत नाही, म्हणजे सध्या ती फक्त मला दिसते आहे. तशीच उतरवतो.

'वस्तूचं नाव: पितळी तांब्या. कोणी दिली: शाळेनं. त्याआधी कोणाची होती: माझ्या वडिलांची, दोन दिवस. आता कुठे आहे: राजापेठ, अमरावती.

'माझे वडील संघपाल नववीत संस्कृतात पहिले आले. बक्षिसाचा तांब्या नाव टाकायला अमरावतीच्या कासाराकडे दिला होता. माझे आजोबा डोमाजी मजुरी बुडवून पोराला घेऊन तो पाहायला गेले. आजोबांना वाचता येत नव्हतं. वडिलांनी बोट ठेवून वाचून दाखवलं: हे माझं नाव, हे पुढचं तुमचं. आजोबांनी गावात येऊन सगळ्या वस्तीला सांगितलं. दोन दिवसांनी समारंभात नाव पुकारलं ते गुरुजींच्या मुलाचं. गुरुजी म्हणाले, बेरीज चुकली होती.

'घरी येताना आजोबांनी एवढंच विचारलं: मंग तू मले काय वाचून दाखोलं?

'आजोबा २००१ साली गेले. तोवर वडिलांनी वाचलेला कुठलाही कागद ते दुसऱ्याकडून पुन्हा वाचून घेत. वडिलांच्या नोकरीचा हुकूमसुद्धा.'

खाली फोटो. आडव्या उजेडात झिजलेला पट्टा. कानशीचे ओरखडे, सगळे एकाच दिशेचे, आणि त्यांच्या तळाशी, जिथे कानस पोचली नाही तिथे, ठिपके. बरेच ठिपके. 'संघपाल' सहज वाचता येतं. 'डोमाजी'मधलं शेवटचं अक्षर गेलं आहे.

संघपाल वानखडे. माझ्या पुढच्या बाकावर बसायचा. पाठांतर करताना मान हलवायचा. पायलचं आडनाव मी दोनदा लिहिलं या वहीत.

२६ जानेवारी

बाबांसमोर फोटो धरला. मला वाटलं होतं नाकारतील.

म्हणाले, "दोन मार्क होते मधात. फक्त दोन. शिक्षकाचा पोरगा दुसरा आला असं गावानं म्हटलं असतं." मग, जणू व्यवहाराची अडचण सांगावी तसं, "नवा तांब्या आणायले वेळ नव्हता."

मी म्हटलं, आणि आई?

"तुह्या आईनं तो तांब्या कधी हातात घेतला नाही."

मी आठवून पाहिलं. आईचे हात आठवतात, राख आठवते, परात, घागर, सगळं आठवतं. त्या हातात हा तांब्या काही केल्या येत नाही. तो मी लेखात ठेवला.

उठायला लागलो तर मनगट धरलं. अजून पकड आहे. "तुले माहीत नव्हतं असं लिहू नको. मी परसात कानस घासून राह्यलो होतो, अन् तू दारात उभा होता. दातावर हात ठेवून."

मी पुन्हा खाली बसलो.

"मी हाय तोवर ते येऊ देऊ नको, श्याम. मंग काय कराचं ते कर."

३० जानेवारी

गोष्ट अजून मान्य केलेली नाही. नाकारलेलीही नाही. पायलचा फोन नाही, निरोप नाही. त्या अर्जावर रोज फक्त एक आकडा दिसतो: प्रतीक्षेत, पाच दिवस.

बाबा सत्त्याऐंशीचे आहेत. एका माणसाच्या मरणाची वाट पाहणं हे संपादकीय धोरण होऊ शकत नाही. पण बत्तीस वर्षांत अशी धोरणं मी पाहिली आहेत, आणि ती राबवणारे लोक चांगले झोपायचे. माझं नाव चांगलं आहे या गावात. बाबांचं तर माझ्याहून. कौशल्येला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "तुमी अकोल्याले जा. इथं बसून वहीले काहून सांगता?"

२ फेब्रुवारी

गेलो. तांब्या पिशवीत. जाण्याचा हेतू लिहून ठेवतो, नाहीतर पुढं मी तोही बदलेन: तांब्या द्यायचा आणि बाबा असेपर्यंत थांबा म्हणायचं.

दार संघपालनंच उघडलं. केस पांढरे, मान तशीच. "जाड झाला बे तू," म्हणाला. बसवलं, पाणी दिलं. पायल आतल्या दाराशी उभी होती. मला संस्कृत अजून येतं का, असं त्यानं विचारलं. येतं म्हटलं. तो म्हणाला, मी दहावीलेच सोडून देलं.

पायल म्हणाली, "तुमी स्वतःहून लिहाल म्हणून वाट पाह्यली, सर. तो रकाना तुमच्यासाठीच बनवला होता."

मी माझी विनंती सांगितली. चांगल्या शब्दांत सांगितली. संघपालनं पुरी ऐकून घेतली.

"माह्या बापाले बी कोणी थांब म्हणायले पाह्यजे होतं," तो म्हणाला. "तो नाही थांबला. मी खोटं वाचतो असं समजूनच गेला."

मग त्यानं पिशवीतून तांब्या काढला. खिडकीशी गेला, तिरपा धरला, डोळे बारीक करून पाहिलं. भिंतीवर डोमाजींचा फोटो होता, फेटा बांधलेला. त्या फोटोपुढं उभं राहून, बोट ठेवत, शाळेतल्यासारखं एकेक अक्षर सुटं करून त्यानं आपलं नाव वाचलं. मग बापाचं. गेलेलं अक्षरसुद्धा वाचलं. मग तांब्या फिरवून माझंही नाव वाचलं, त्याच आवाजात.

मी पिशवीची घडी घालत होतो. ती फार लहान होईपर्यंत घातली.

"विश्वास बसला का नाही, माहीत नाही," संघपाल म्हणाला. "फोटो हाय तो." आणि तांब्या फोटोखालच्या फळीवर ठेवून दिला.

परत येताना बडनेऱ्याला गाडी थांबली तेव्हा मोबाइलवर तिची गोष्ट मान्य केली. माझीही तिथंच आहे, तिच्या वरती. दोन्ही उतरणार नाहीत.

५ फेब्रुवारी

तीन दिवसांत चारशे जणांनी वाचलं. बाबांच्या दोन शिष्यांचे फोन आले. एकानं शिव्या दिल्या, एकानं विचारलं, गुरुजी कसे आहेत. दुसरा जास्त लागला.

सकाळी गंगूबाईकडे गेलो. तिनं आत बोलावलं नाही. मी चुकलो असं म्हटलं. ती म्हणाली, "मले तर वाचता येत नाही, भाऊ. पण माह्या नातीनं वाचून दाखोलं. मी म्हटलं पोरगी खोटं सांगून राह्यली, तुमी असं काहून लिहान?" मी उंबऱ्याबाहेर उभं राहून मोबाइलवर ती ओळ जोडली: तांब्या चोरीला गेलाच नव्हता, आळ घेणारा मी, श्याम, खोटा. तिच्या नातीकडून मोठ्यानं वाचून घेतली. गंगूबाईनं शेजारणीला बोलावून पुन्हा वाचून घेतली. मग म्हणाली, येते दुपारी, पण तुमच्यासाठी नाही, वहिनीसाठी.

आली. भांडी काढायला स्वयंपाकघरात गेली आणि तशीच परत आली. "भांडे कुठी हायेत, वहिनी?"

बाबांच्या खोलीतून खरखर येत होती. समोरचं ग्रिलचं दुकान आज बंद आहे.

दार ढकललं. पलंगाभोवती घरातली सगळी जुनी भांडी मांडलेली. परात, डबे, गडवे, संक्रांतीच्या उरलेल्या वाट्या. बोटांना चिंध्या बांधलेल्या. जुनी कानस कुठल्या पेटीतून काढली कळलं नाही. बाबांनी वर पाहिलं नाही. एकेक भांडं उजेडात धरायचे, नाव शोधायचे, आणि घासायला लागायचे.

मांडीवर आईच्या लग्नातली घागर होती. तिच्या नावाची पहिली दोन अक्षरं गेलेली होती. मी दारात उभा राहिलो. हात दातांवर गेला होता, तो खाली घेतला आणि आत गेलो.